तालीम

आफ्रिकेतून या देशात आल्यावर वेल्डरने लेकीकडून दोन गोष्टी घोटून घेतल्या. "आपल्या रंगाचं माणूस पळताना दिसलं की लोकांना चोरच वाटतो. म्हणून रस्त्यात धावायचं नाही. आणि कुणी ओरडलं, की जागच्या जागी थांबून हात वर."

घरात रोज तालीम चाले. तो स्वयंपाकघरातून मुद्दाम खेकसायचा आणि लेक हात वर करून पुतळ्यासारखी उभी राहायची. "शाब्बास माझी वाघीण!"

बायको चिडायची, "अहो, पोरीला हे काय शिकवताय?"

आज बायकोलाच दम्याचा जोराचा झटका आला आणि घरातला पंप नेमका संपलेला. तिला छातीशी टेकवून बसवल्यामुळे त्याला हलता येईना. त्याने लेकीला कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात पिटाळलं.

थोड्या वेळाने वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून त्याला लेक रस्त्याने येताना दिसली. हातात नवा पंप होता, पण चाल मात्र शिकवल्याप्रमाणे सावकाश. इकडे बायकोचे ओठ निळे पडत चालले होते. त्याने जिवाच्या आकांताने हाक मारली, "अगं, धाव!"

लेक जागच्या जागी थांबली. वर बघितलंसुद्धा नाही तिने. पंपासकट दोन्ही हात वर केले.