दिवेलागणीची खूण

“माझ्या खिडकीवर एवढा डोळा ठेवू नकोस गं. उद्या तुला झोप लागावी म्हणून मला दिवा लावत बसावं लागेल,” मास्तरीणबाई म्हणाल्या, तेव्हा ती नुसती हसली आणि सुईत दोरा ओवत राहिली.

मास्तरीणबाई समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. शाळा सुटून पंधरा वर्षं झाली होती, पण समोरच्याचं वाक्य अर्ध्यात तोडून दुरुस्त करायची खोड सुटली नव्हती. थंडीत त्या मोरीत घसरल्या. तीन तास तशाच पडून होत्या. भिंतीवर तांब्या आपटत राहिल्या, तेव्हा कुठे शेजारच्यांना कळलं.

ते ऐकल्यापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. तशी ती मुळातच धास्तावलेली. दहा महिन्यांची लेक झोपली, की ही तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघणार. नवरा म्हणे, “तू घरात असलीस की कुलूप कशाला हवं?”

कामही तिचं घरातूनच. भंगारातले जुने टेबललॅम्प आणायचे, गंज घासून काढायचा, तारेच्या सांगाड्यावर कापड ताणून हाताने टाके घालायचे. वायर आणि होल्डर बदलायचं काम वायरमनकाकांचं. बल्ब आणि कापड यांत चार बोटं अंतर हवंच, असा तिचा नियम. ती दर वेळी स्वतःची चार बोटं घालून बघे.

मास्तरीणबाईंसाठी तिने पितळी बुडाचा दिवा निवडला. त्याची शेड लेकीच्या पिवळ्या दुपट्याची शिवली, रस्त्यापलीकडून ओळखू यावी म्हणून.

“हा खिडकीत ठेवायचा आणि दिवेलागणीला लावायचा. लागला की मी समजेन, सगळं ठीक आहे.”

“आणि नाही लागला तर?”

“तर मी जिना चढून येईन.”

“म्हणजे हजेरीच की! जन्मभर घेतली, आता द्यायची,” मास्तरीणबाई म्हणाल्या. पण दिवा त्यांनी दोन्ही हातांनी घेतला.

ती खरंच जिना चढायची. पहिल्याच आठवड्यात दिव्याला वीस मिनिटं उशीर झाला, तशी ती लेकीला कडेवर घेऊन धावली. मास्तरीणबाईंचे हात साबणाने भरलेले होते. “मेले नाही अजून. पातेलं घासत होते.” दुसऱ्यांदा त्यांचा खुर्चीतच डोळा लागला होता. तिसऱ्यांदा लेकीला ताप होता आणि बाहेर गार वारा सुटला होता.

मास्तरीणबाईंनी दार उघडलं, लेकीच्या कपाळाला हात लावला आणि त्यांचा चेहराच बदलला.

“ही भट्टीसारखी तापलीय, आणि हिला घेऊन दोन जिने चढलीस? एका म्हातारीसाठी?”

“दिवा लागला नव्हता.”

“अक्कल गहाण टाकलीस का गं? जा आधी घरी. आणि पोर खडखडीत बरी होईपर्यंत इकडे फिरकायचं नाही. सांगून ठेवते.”

ती डोळे पुसतच खाली उतरली. ताप दोन दिवसांत गेला, पण लेकीच्या अंगभर पुरळ उठलं. आठवडाभर तिला कुणाच्या जवळ न्यायचं नाही, असं डॉक्टरांनीही बजावलं.

दिवा मात्र आता चुकत नव्हता. अंधारलं की पिवळा उजेड खिडकीत हजर. एका दुपारी आभाळ गच्च भरून आलं, तर तीनलाच लागला. वाचत बसल्या असतील. एकदा पहाटे लेकीला पाजताना तिने पाहिलं, तर चालूच. मालवायला विसरल्या असतील. तिने दोनदा फोन केला, तो त्यांनी उचलला नाही. पण दुसऱ्यांदा घंटा वाजत असतानाच समोर दिवा लागला, आणि तिने फोन ठेवून दिला. राग गेला नाही अजून. असू दे. माणूस रागावतं, म्हणजे धडधाकट असतं.

तरी समजूत काढायला तिने नवी शेड शिवायला घेतली. निळ्या कापडाची, कडेला बारीक टाक्यांची.

आठव्या दिवशी संध्याकाळी वायरमनकाका तीन जुने दिवे घेऊन आले. लेक चटईवर रांगत होती. पुरळ सुकलं होतं. तिने निळी शेड काकांना दाखवली.

“मास्तरीणबाईंना. उद्या नाक मुठीत धरून जायचंय.”

“छान झालीय. पण तुम्ही त्यांना घाबरता हं, ताई.”

“त्यांना कोण घाबरत नाही?”

समोर दिवा लागला. ती खिडकीशी गेली. तिला मनापासून बरं वाटलं.

“बघा, कशा वेळेवर लावतात आता. आधी मला किती पळवलंय त्यांनी!”

काकांनी होल्डरचा स्क्रू पिळता पिळता मान वर केली.

“त्या कुठे लावतात? मी खिडकीच्या चौकटीत सेन्सर बसवून दिलाय. अंधारलं की आपोआप लागतो. तुमच्या पोरीला ताप होता ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी बोलावलं मला. म्हणाल्या, तिला सांगू नका, नाहीतर आजारी पोर घेऊन परत जिने चढेल.”

ती वळली. हातातली शेड तिने कुठे ठेवली, ते तिलाही कळलं नाही.

“परवा गेलो होतो, नीट चालतो का ते बघायला,” काका म्हणाले. “दोनदा बेल वाजवली. कोणी उघडलं नाही. मला वाटलं, तुमच्याकडेच आल्या असतील.”

तुमच्या समोरही कुणी एकटं राहत असेल. उजेड दिसतोय म्हणून थांबू नका. हे वाचायचं इथेच ठेवा, जिना चढा आणि दार वाजवा. आतून आवाज येईपर्यंत वाजवत राहा.