अर्धी वाटी चहा

"म्हणजे त्यांना अजून माहीतच नाही?" गाईड तोलेगेनने विचारलं.

"नाही." सहलींच्या गाड्यांचा मालक ओरिनबेक टायरकडे बघत बोलत होता. त्याचे डोळे लाल होते. गवत फुलायच्या दिवसांत त्याला हा त्रास व्हायचाच. "झुमाबेक अतांची बायको पहाटे गेली. मुलगा कास्पियनकडे नोकरीला, तो संध्याकाळी पोचेल. तोवर त्यांना नेहमीसारखी दरी दाखव. बरोबरच्या चौघांना ठाऊक आहे. शेवटच्या कड्यावर बसवून तू सांग."

"मी? मी कोण त्यांचा?"

"तुला बोलता येतं. सगळ्यांनी तुझंच नाव घेतलं."

यावर नाही म्हणता येत नव्हतं. मरणाची बातमी त्यांच्यात कुणी फोनवर किंवा उभ्या उभ्या देत नसे. वडीलधारे जमायचे, माणसाला मधे बसवायचे, इकडचं तिकडचं बोलायचे. मग ज्याला शब्द सापडतील तो त्याला हळूहळू तिथवर न्यायचा. तोलेगेनने हे काम कधी केलं नव्हतं.

गाडी आल्माती सोडून पूर्वेला निघाली. झुमाबेक अता पुढच्या सीटवर बसले होते; वयामुळे सगळे त्यांना अता, म्हणजे आजोबा, म्हणत. पांढरी दाढी, मांडीवर टोपी. मागे तीन म्हातारे आणि बिबिनूर आपा.

गाडी चालवायला एरकिन होता, तोलेगेनच्या बायकोचा चुलतभाऊ. एरवी तो भर गाडीत ओरडायचा, "दाजी, आमची ताई तुमच्या घरी गेली तेव्हा तीन दिवस आमच्याकडे चूल पेटली नाही!" आज त्याने काळा चष्मा लावला होता आणि तोंडातून शब्द काढत नव्हता.

"काय रे, काय झालं?"

"दाढ दुखतेय," एरकिन म्हणाला.

तोलेगेनने बायकोला, कुलजानला, फोन लावला. बंद होता. काल तिच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं. रात्री ती बोलली होती, हसलीही होती. "इथे बसून माझं तोंड काय बघताय? कामावर जा. शुक्रवारी येतेच आहे मी." चार्जर ती घरीच विसरली होती. सकाळी तो त्याला चहाच्या डब्याशेजारी दिसला होता. संध्याकाळी नेऊन देऊ, असं त्याने ठरवलं.

मग त्याचं लक्ष शेजारच्या म्हाताऱ्याकडे गेलं. माझी आहे, असं त्याच्या मनात आलं. देवाचे आभार, माझी आहे. आणि लगेच त्याला स्वतःची लाज वाटली.

पहिल्या कड्यावर वारा जोराचा होता. खाली लाल दगडांचे बुरूज उन्हात उभे होते.

"दोनशे किलोमीटर आणलंस, एक उंट नाही दाखवलास," बिबिनूर आपा म्हणाल्या. "घरी जाऊन काय सांगू? दगड बघून आले?"

"उंटांना कळलं आपा, तुम्ही येताय. पळाले सगळे."

सगळे हसले, आणि एकदम गप्प झाले. आपांनी त्याच्या हातावर तळलेल्या पिठाचे चार गोळे ठेवले. "खा. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या."

"अतांना द्या आधी."

"त्यांचं झालंय. तू खा."

दुपारी नदीकाठच्या झाडांखाली चहा झाला. आपांनी प्रत्येकाला अर्धीच वाटी ओतली. पूर्ण वाटी म्हणजे पी आणि निघ.

"तुझ्या घरी चहा कोण ओततं?" झुमाबेक अतांनी विचारलं.

तोलेगेनला या माणसापुढे बायकोबद्दल बोलायचं नव्हतं. पण त्यांनी पुन्हा विचारलं. "कुलजान," तो म्हणाला. "एकतीस वर्षं. कितीही भांडलो तरी वाटी अर्धीच. एकदा मीच चिडून म्हटलं, भर की पूर्ण. तर म्हणाली, मग तुम्ही उठून जाल."

"चांगली बायको," अता म्हणाले.

"फार चांगली. मी तिला हे कधी बोललो नाही. आज बोलणार आहे."

अतांनी आपली वाटी खाली ठेवली. एरकिन उठून नदीकडे गेला आणि बराच वेळ तोंड धूत राहिला.

चार वाजता ते शेवटच्या कड्यावर पोचले. चटई घातली. सगळे गोल करून बसले. तोलेगेन अतांच्या समोर बसला आणि त्याने त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. दिवसभर जुळवलेलं सगळं तो विसरला होता. जे सुचलं ते बोलला.

"अता, ही दरी पाण्याने केली. पाणी पुढे गेलं, पण त्याने काय केलं ते बघायला लोक लांबून येतात. माणूसही तसाच जातो. तुमच्या घरी जिने इतकी वर्षं अर्धी वाटी ओतली, तिला तुम्ही उठून जायला नको होतं. आज पहाटे तीच उठून गेली. रडा. पण रिकाम्या वाटीकडे बघत बसू नका. जितक्या वेळा तिने ती भरली, तितक्या वेळा आभार माना. तेवढं करायलाही उरलेलं आयुष्य पुरायचं नाही."

अतांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्यांची नजर तोलेगेनवरून ढळली नव्हती. बिबिनूर आपा सरकून त्याच्या जवळ आल्या आणि त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मागे एरकिनने चष्मा काढला. त्याचे डोळे सुजले होते.

"दाजी," तो म्हणाला.

झुमाबेक अतांनी तोलेगेनचे हात घट्ट धरले.

"छान बोललास, पोरा. यातला एक शब्दही विसरू नकोस. माझी बायको जाऊन अकरा वर्षं झाली."