समुद्राची पाळ

"पन पाळ फुटली कोठून, महाराज?" केवळरामानं भर कीर्तनात विचारलं.

शालीकराम महाराजांच्या चिपळ्या थांबल्या. मृदंगवाला दोन थापा पुढे गेला, मग तोही थांबला. नारदाच्या गादीवर उभ्या असलेल्या माणसाला मध्येच असं कोणी विचारत नाही. त्यातून आख्यान ऐन रंगात आलेलं. पूर्वेच्या किनाऱ्यावरचं ते बंदर, तीन दिवसांचं वादळ, ताडाएवढी लाट, आणि एक माय आपल्या लेकराला पदरानं झाडाला बांधते आहे. या जागी आजवर प्रत्येक गाव रडलं होतं. महाराज स्वतःही रडायचे. रोज, त्याच साकीच्या ओळींना, आणि अगदी मनापासून.

"पाळ नव्हतीच," महाराज म्हणाले. "समुद्राला पाळ नसते, केवळरामजी."

मंडपात कुजबुज उठली. गाव कोहळ्यांचं, पिढ्यानपिढ्या तलाव बांधणाऱ्या जातीचं. यांच्या आज्या-पणज्यांनी दोन डोंगरांच्या मधली खिंड मातीच्या पाळीनं बुजवून कोसभर लांबीचा तलाव अडवलेला. इथलं पोर चालायला शिकतं तेही पाळीवरच. आणि केवळरामाचा तर नुसता पाय पडला की पाळ कुठे झिरपते ते त्याला कळायचं.

"पाळ नाई, त पानी साचलं कशात?"

"देवानं साचवलंय."

"देवानं साचवलं, बरं झालं. मंग पाळ लोकाईनं बांधाची ना? सारंच का देवानं करावं?"

"तुमी चूप बसा जी," बायांमधून त्याची बायको धुरपताबाई म्हणाली. "महाराज सांगून रायले ना." सगळे गप्प झाले. महाराजांनी चिपळ्या उचलल्या. तेवढ्यात धुरपताबाईलाच राहवलं नाही. "महाराज, तुडुम तरी होता का? पानी सोडाले दार?"

"नव्हतं, माय."

"तुडुम नाई, पाळ नाई. थ्या गावचा मालगुजार काय झोपून रायला होता?"

पुढे कीर्तन झालं, पण रंगलं नाही. लाट आली, घरं वाहून गेली, माय गेली. एकाचाही डोळा ओला झाला नाही. पुरुष काडीनं मातीत रेघा ओढत होते. बायका कोपरानं एकमेकींना ढोसून बोलत होत्या. आरतीच्या वेळी महाराजांनी उपरणं पसरलं. त्यावर पडला एक नारळ आणि पायलीभर तांदूळ. लोक "पाळ, पाळ" करतच घरी गेले.

महाराज तिथेच बसून राहिले. बारा दिवस ते गावोगाव हे आख्यान लावत होते. वादळातून वाचलेली माणसं किनाऱ्यावर उपाशी होती. त्यांच्यासाठी तांदूळ न्यायला मालगाडीचा एक डबा स्टेशनावर उभा होता. तो उद्या संध्याकाळी गाडीला जोडायचा, आणि अजून अर्धा रिकामा. एवढ्या धानाचं हे एकच गाव उरलं होतं, म्हणून महाराजांनी ते शेवटी राखून ठेवलं होतं. रडलेला माणूस पायली मोजत नाही, असा त्यांचा अनुभव. पण रडलं पाहिजे ना.

"विठ्ठला," ते म्हणाले, "गळा तूच दिलास. आज काय कमी पडलं, तेवढं सांग."



सकाळी महाराज वीणा खांद्याला लावून निघाले, तर देवळापुढे बैलगाड्या उभ्या. एक नाही, दोन नाही, अकरा. गाड्यांत कुदळी, फावडी, टोपली, माती ठोकायच्या धुमशी. खाली पोत्यांची थप्पी. भोवती फेटे बांधलेले साठ-सत्तर गडी. पुढे केवळराम.

"चाला महाराज," तो म्हणाला. "काऊन उशीर करून रायले?"

"कुठे?"

"समुद्रावर. पाळ बांधाले."

महाराजांना हसावं की रागवावं कळेना.

"कोन्याई गावची पाळ गेली त घरटी एक मानूस जाते," केवळराम म्हणाला. "आमच्यात तसंच हाये. हे गाव जरा दूर पडते, एवढंच."

"अहो, समुद्राला पलीकडचा काठ नसतो. त्याला बांध घालता येत नाही."

"तुमी पायला का समुद्र?"

महाराज साकोलीचे. बारा दिवस समुद्र गात होते, पण या गावच्या तलावाहून मोठं पाणी त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

"मंग पाहून ठरवू," केवळराम म्हणाला.

"आणि ही पोती कसली?"

"तांदूळ हाये. सत्तर गड्याइची शिदोरी. काम एका उन्हाळ्याचं नोहे. आन् थ्याईच्या घरचं खावाचं म्हनाल, त थ्याईच्या घरी आता हाये काय?"

महाराजांनी एकेका गाडीकडे पाहिलं. डबा भरून वर उरेल एवढी पोती होती. तरीही खोटं बोलणं त्यांना जमेना. "केवळरामजी," ते म्हणाले, "स्टेशनावरचा तो डबा मालाचा आहे. त्यात माणसं बसू देत नाहीत."

केवळरामानं फेटा काढला, डोकं खाजवलं. गाड्यांकडे पाहिलं, गड्यांकडे पाहिलं. मग त्यानं फेटा पुन्हा बांधला.

"मंग तांदूळ पयले समोर जाऊ द्या, महाराज. थ्याईले सांगा, पोटभर जेवा आन् पाळीची जागा पाहून ठेवा. आमी पायी येऊन रायलो."