डिकीतला दिवा

डिकीत सहा वस्तू होत्या. स्टेपनी, जॅक, पाण्याचा पाच लिटरचा कॅन, छत्री, काळ्या पेटीत पट्ट्याने आवळलेली बॅटरी आणि सासऱ्यांची बॅग.

बॅग सकाळी नवऱ्यानेच आणून ठेवली होती. सासऱ्यांना आज नणंदेकडे सोडायचं होतं. परतीचं काही ठरलं नव्हतं.

कारण बॅटरी. आधी ती पुढे, इंजिनाशेजारी होती. तिथल्या उष्णतेने दोन वर्षांत दोन बॅटऱ्या गेल्या, म्हणून गेल्या महिन्यात नवऱ्याने दोन सुट्ट्या खर्चून ती स्वतःच्या हाताने मागे डिकीत आणली. गाडी सहा दिवस खाली उभी असायची आणि रविवारी बाहेर निघायची. तेव्हापासून तीन रविवार झाले, तिन्ही रविवारी बॅटरी उतरलेली. काल ती रात्रभर चार्जरला लावून ठेवावी लागली.

"माझ्या कामात खोट नाही," नवरा म्हणाला. "साडेचार मीटर केबल टाकलीय, वेल्डिंग मशीनची. फ्यूज आहे, पेटी पक्की आहे. बॅटरी आपोआप उतरत नसते. कुणीतरी गाडी बाहेर काढतं आणि दिवे तसेच चालू ठेवून परत लावतं."

'कुणीतरी' म्हणताना तो वडिलांकडे बघत नव्हता. दिवसभर घरात एकच माणूस असायचं.

सासरे पार्किंगच्या खांबाला टेकून उभे होते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणं बंद केल्याला दहा महिने झाले होते.

"बाबा, एकदाच विचारतो. आम्ही कामावर गेल्यावर गाडी काढता का?"

"दिवे मी चालू ठेवले नाहीत."

सून करंट मोजायच्या मीटरच्या वायरींचा गुंता सोडवत होती. तिने मान वर केली. प्रश्न दिव्यांचा नव्हता.

"म्हणजे काढता."

"म्हणजे बॅटरी माझ्यामुळे उतरलेली नाही. तुझी आई असती ना, तर तिने आधी तुझा कान धरला असता, मग माझा."

"विषय बदलू नका."

"दोघंही जरा गप्प बसा," सून म्हणाली. ती कॉलेजच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. तिने बॅटरीची काळी वायर सोडवली आणि मध्ये मीटर जोडला. किल्ली नवऱ्याच्या खिशात होती, गाडी बंद होती, तरी मीटरवर ०.४५ अँपिअर आलं.

"अगं, तो डिकीतला दिवा," नवरा म्हणाला. "झाकण उघडंय म्हणून. लावलं की विझतो."

"विझतो हे कुणी बघितलंय?"

"फ्रिजमधला विझतो हे कुणी बघितलंय?"

"मी बसू का आत?" सासरे म्हणाले. "बॅगेबरोबर मीही डिकीत. तुमची सीट तरी मोकळी राहील."



सुनेने मीटरच्या वायरी फटीतून बाहेर काढल्या आणि झाकण दाबून बंद केलं. तिघेही आकड्याकडे बघत राहिले. ०.४५. तिने मनात साठ मोजले. ०.४५. मग झाकण उघडून तिने रुमालाने दिव्याचा बल्ब काढला. ०.०३.

"दिवसाला दहा-अकरा अँपिअर-तास जातायत," ती म्हणाली. "सहा दिवसांत साठाच्या वर. बॅटरीच पंचेचाळीसची आहे."

नवरा वाकून पेटीमागे बघू लागला. आत अंधार होता. "बाबा, टॉर्च द्या."

टॉर्च शेजारच्या पायरीवर होता. सासऱ्यांचा हात त्याच्या चार बोटं डावीकडे पडला. त्यांनी दगड चाचपला, मग टॉर्च उचलला. नवऱ्याचं डोकं डिकीत होतं. सुनेने पाहिलं.

वायर सापडली. पेटी बसवताना दिव्याची वायर आड येत होती. नवऱ्याने ती कापून पुन्हा जोडली होती, पण झाकणाच्या बटणाला वगळून, थेट बॅटरीला. त्याने तो जोड बोटांत धरून टॉर्चसमोर फिरवला. जोड सुंदर केला होता, वर टेपचे तीन वेढे.

"साडेचार मीटर केबल," सासरे म्हणाले, "आणि चुकली ती वीतभर वायर."

"बाबा, मी उगाच..."

"असू दे रे. आता ताईला फोन कर. तिने खोली आवरून ठेवली असेल."

नवऱ्याने किल्ली सुनेला दिली, डिकीतून बॅग काढली आणि खांद्यावर घेतली. सासऱ्यांनी हात पुढे केला तर म्हणाला, "नको, मी ठेवतो तुमच्या कपाटात." जिन्यावर त्याची पावलं तीन मजले ऐकू येत होती.

सुनेने काळी वायर पुन्हा जोडली, नट आवळला, झाकण लावलं. गाडी बंद असल्याने डॅशबोर्डवरची किलोमीटरची पट्टी काळी होती. गाडी चालू होते का ते बघायला ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली. गुडघे स्टिअरिंगला लागले. तिने सीट मागे सरकवली.

"होईल गं चालू," सासरे खिडकीपाशी येऊन म्हणाले. "बघायची काही गरज नाही."

समोरच्या कप्प्यात तिची वही होती. पेट्रोलचा हिशेब लागावा म्हणून दर रविवारी संध्याकाळी गाडी लावली की ती किलोमीटरचा आकडा लिहून ठेवायची. मधले सहा दिवस वही उघडायचं कारण नसे. तिने शेवटचं लिहिलेलं पान उघडून वही मांडीवर ठेवली आणि किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. पट्टी उजळली.

वहीत गेल्या रविवारच्या तारखेपुढे ६१,२०८ होतं. पट्टीवर ६१,२३१.