त्यांची वीस पावलं

बाबा गेले, पण त्यांनी पाणथळ अभयारण्यात आडवाटेला लपवलेला डबा अजून कुणालाच सापडला नव्हता. शोधायचा, आतल्या वहीत सही करायची आणि जागच्या जागी ठेवायचा, असा खेळ. आज सापडला नाही, तर खेळातून बाद होणार होता. मोबाइलवरचा बाण नुसता गरगरत होता. बाबांची खूण एवढीच: ‘पक्षीमनोऱ्यापासून उगवतीला वीस पावलं.’ मी वीस पावलं टाकली आणि गुडघाभर चिखलात रुतले. “आई, परत फिरू या.” “डबा सापडल्याशिवाय मी हलणार नाही. आणि ही तुझी पावलं झाली, त्यांची कुठे?” मनोऱ्याशी जाऊन ती बाबांसारखी लंगडत, आखूड पावलं मोजत निघाली. विसावं पाऊल कोरड्या खोडाशी पडलं. ढोलीत डबा होता. वहीत बाबांचं अक्षर: ‘आलीस? फार वेळ लावलास.’ आईने खाली ठसठशीत लिहिलं, ‘तुमच्याच चालीने आले ना!’