स्पोकचा हूक

नव्या साहेबांनी फरशीवरून सायकलच्या स्पोकचा वाकवलेला तुकडा उचलला आणि विचारलं, "हा हूक कुणाचा?"

माझा हात अंबाड्याकडे गेला. तिथूनच तो निसटला होता. या कारखान्यात आम्ही नऊ बायका गाड्यांच्या वायरी प्लास्टिकच्या नळीतून ओढून काढतो. हुकानं वायर एका झटक्यात बाहेर येते, बोटं सोलवटत नाहीत. दोन वर्षं मी तो लपवून वापरत होते. शेजारच्या कुसुमलाही दाखवला नव्हता.

"घाबरू नका," साहेब म्हणाले. "जिनं केलाय, तिचं डोकं भारी आहे."

मागचे साहेबही असंच गोड बोलायचे.

माझा उतरलेला चेहरा वच्छलामावशींनी पाहिला आणि एप्रनच्या खिशातून वाकवलेली हेअरपिन काढून टेबलावर ठेवली. कुसुमनं डब्याच्या पिशवीतून छत्रीची काडी काढली. मग एकेक जण पुढं आली. साहेबांच्या हातातला माझा धरून नऊ हूक जमले, नऊ तऱ्हांचे. आम्ही एकमेकींकडे चोरासारख्या बघत राहिलो.

साहेब चकित झाले. "इतक्या हुशार बायका, आणि एकीनंही कधी तोंड उघडलं नाही?"

शेवटी मीच बोलले. "इंदूताईंनी सांगितली होती साहेब, एक युक्ती. तासाला चाळीसच्या साठ नळ्या व्हायला लागल्या. मग मागचे साहेब म्हणाले, आता नऊजणींतच भागतंय."

मी दहाव्या, रिकाम्या स्टुलाकडे बोट दाखवलं.

"त्या तिथं बसायच्या."