भिंतीवरची काळी टिकली

आंघोळीआधी टिकली बाथरूमच्या भिंतीला चिकटवायची आणि नंतर तीच परत कपाळावर लावायची, ही रंजिताची जुनी सवय. राजपुऱ्यातल्या भाड्याच्या घरात आज तिच्या लाल टिकलीशेजारी एक काळी टिकली होती. काळी ती कधीच लावत नसे. आपली लाल टिकली कपाळावर लावून तिनं ती काळी नखानं खरडली, तर काच लागली. तिनं पोलिसांना फोन केला.

हवालदार निशाताईंनी पक्कड लावून टाइलमधून कॅमेरा उपसला.

"घाबरू नको बाई. चोरून शूटिंग केलं तर कलम सत्त्याहत्तर लागते. करणारा सीधा अंदर."

"आमच्या घरात तर पुरुषमाणूसच नाही," घरमालकीण इंदुबाई दारातूनच म्हणाल्या.

निशाताईंनी कॅमेऱ्यातलं कार्ड आपल्या मोबाइलला लावलं. क्लिपमध्ये रंजिताचा चेहरा कुठंच नव्हता. समोर भिंत होती, भिंतीवर ती काळी टिकली, आणि तिला खरडणारं रंजिताचं नख.

"कॅमेरा तर भिंतीत होता," निशाताई पुटपुटल्या. "मग हे कुठून काढलं?"

मोबाइलवरची भिंत बाजूला सरकली. क्लिपमध्ये आता निशाताईच होत्या, मोबाइलवर वाकलेल्या.

त्यांनी हळूच मान वर करून रंजिताच्या कपाळाकडे पाहिलं.

रंजिताचा हात कपाळाकडे गेला. मोबाइलवर तिची बोटं जवळ जवळ आली, आणि अंधार झाला.